दुसरा उद्गार

होळी झाली की आमच्याकडे चिंचा झोडायला सुरुवात होते. ऊन अजून कोवळं असतं तेव्हाच झाडावरून काठीचा आवाज येऊ लागतो. सप, सप, सप. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग वाळलेल्या शेंगा जमिनीवर पडतात. लोक म्हणतात, पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मला तसं कधी वाटलं नाही. त्या आवाजाला ओल नसते. कुणी हाडांची पाटी उपडी करावी तसा तो आवाज असतो.

मी केजमध्ये एका वसतिगृहाचा अधीक्षक आहे. आमच्या कुंपणाला लागून चिंचेची तीन झाडं आहेत. दर वर्षी मार्चमध्ये मुलं दहावीच्या पेपरांना जातात, इमारत रिकामी होते आणि त्या रिकाम्या इमारतीत हा आवाज भरून राहतो. खिडकी लावून घेतली तरी येतो. आंबट वासही येतो, धुळीचा आणि आंबट असा मिसळलेला. तो वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही.

आम्ही ख्रिस्ती. केजहून नांदूरघाटकडे जाताना आडवाटेला आमचं गाव लागतं, तिथं आमची सात-आठ घरं आहेत. आजोबांच्या वेळी बाप्तिस्मा झाला. गावच्या कडेला पत्र्याचं छत असलेलं आमचं छोटं देऊळ, देवळाच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड. गावातली इतर माणसं चिंचेच्या दिवसांकडे हंगाम म्हणून बघतात. आमच्यासाठी ते दिवस उपवासकाळाचेही असतात. चाळीस दिवस पापांची आठवण करायची, पश्चात्ताप करायचा, रोज एका घरी सभा भरवायची, आणि शेवटी गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन देवळात बसायचं. तेच दिवस शाळेच्या परीक्षांचे. चिंच, परीक्षा आणि पश्चात्ताप, हे तिन्ही माझ्या आयुष्यात एकाच ऋतूत आले आणि एकमेकांत इतके गुंतले की आता मला ते सोडवता येत नाहीत.

मार्था माझी चुलत बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. काका-काकू दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येत. मार्था आमच्याच घरी वाढली, माझ्या आईच्या हाताखाली. देवळाच्या झाडाच्या चिंचा आमच्या घरी फोडायला यायच्या. दुपारभर ओसरीवर बसायचं, पुढ्यात दगड, हातात लाकडी मोगरी. एक ठोका दिला की टरफल तडकतं. मग ते काढायचं, शिरा ओढायच्या, गर चिरून चिंचोके बाहेर काढायचे. चार दिवसांत बोटांची सालं निघतात, नखं तपकिरी होतात आणि भाकरीला मीठ लावलं तरी बोटं झोंबतात. मार्थाचा हात फार वेगात चालायचा. मी तीन शेंगा फोडीपर्यंत ती दहा फोडायची आणि वर मला चिडवायची, "दादा, तू चिंच फोडतूस का तिची समजूत काढतूस?"

रविवारच्या शाळेत पाळकसाहेब आम्हाला पहिला प्रश्न हमखास तोच विचारत: देवानं तुला कशासाठी निर्माण केलं? उत्तर पाठ असायचं. त्याला ओळखायला, त्याच्यावर प्रेम करायला, त्याचं गौरव करायला. आठ-नऊ वर्षांची मार्था एकदा उभी राहिली आणि म्हणाली, "चिंचा फोडायला." सगळं देऊळ हसलं. पाळकसाहेबसुद्धा हसले, त्यांचा चष्मा नाकावर घसरला. मार्था मात्र हसली नाही. तिनं विचार करून उत्तर दिलं होतं.

ती दहावीला एकदा नापास झाली. फक्त इंग्रजीत. दुसऱ्या खेपेला परीक्षा देताना तिचं वय सतरा होतं आणि काकांनी सांगून ठेवलं होतं, या वर्षी झालं तर झालं, नाहीतर लग्न. आमच्याकडे लग्न म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. एकट्या गड्याला कुणी घेत नाही. मुलीचं लग्न झालं की ती अर्धा कोयता होते.

परीक्षेचं केंद्र शेजारच्या मोठ्या गावात होतं. तिथल्या शाळेच्या तिसऱ्या खोलीच्या खिडकीला लागून चिंचेचं झाड होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्या दिवसांत केंद्राबाहेर जत्रा भरायची. भिंतीवर पोरं, पत्र्यावर पोरं, कुणाचा मामा, कुणाचा भाऊ. लिंबाखाली एक पोलीस पेपर वाचत बसलेला. मी हातात काठी आणि खांद्याला पोतं घेऊन सरळ झाडावर चढलो. चिंचेचे दिवस, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. आदल्या दिवशी मी शेंगांची टरफलं हलकेच उकलून आतला गर काढला होता, येतील अशा प्रश्नांच्या उत्तरांच्या मुंगीएवढ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहून त्यात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि टरफलं गरानंच परत चिकटवली होती. काठी हाणता हाणता तशी एकेक शेंग मी खिडकीतून आत टाकली. पर्यवेक्षक मास्तरांनी त्यातली एक उचलली, फोडली आणि चोखत चोखत फिरत राहिले. ती काठीच्या फटक्यानं आत उडालेली खरी चिंच होती. मी वर फांदीला मिठी मारून बसलो होतो.

घरी येताना मार्था म्हणाली, "तिसऱ्या शेंगंत चिठ्ठीच न्हवती रे दादा. नुसती चिंच."

"मग?"

"मग काय? खाल्ली."

आम्ही रस्त्यात बसून हसलो. मला आजही ते हसणं पाप वाटत नाही. त्या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक गोष्ट स्वच्छ होती असं वाटतं. निबंध आला होता, माझा आवडता ऋतू. मी तिला पावसाळा लिहून दिला होता.

ती पास झाली. पाळकसाहेबांच्या बायकोचं, त्यांना आम्ही बाई म्हणायचो, मार्थावर आधीपासून लक्ष होतं. माझ्या आईला टायफॉइड झाला तेव्हा मार्थानं तिला ज्या तऱ्हेनं सांभाळलं होतं, ते बाईंनी पाहिलं होतं. रात्रंदिवस कपाळावर पट्ट्या, चमच्यानं पेज, तोंडात तक्रार नाही. बाईंनी लांबच्या एका मिशन दवाखान्यात ओळखीनं पत्र लिहिलं. नर्सचं ट्रेनिंग, राहणं-खाणं तिथंच. वय अठरा पूर्ण लागणार होतं, म्हणून वर्षभर थांबायचं ठरलं. पुढच्या वर्षी ईस्टर झाला की मार्था जाणार होती. तिच्यासाठी पत्र्याची पेटी आणली. हिरवी. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तिचं नाव मी घातलं. माझं अक्षर चांगलं होतं. म काढताना मी ब्रश कसा वळवला होता, तेही आठवतं.

आणि ती जाणार त्या ईस्टरच्या आधीच्याच उपवासकाळात मला पश्चात्ताप झाला.

झालं असं, की मी तरुणांच्या एका शिबिराला गेलो होतो. तिथले उपदेशक म्हणाले, एक न कबूल केलेलं पाप आत राहिलं तर तुझी सगळी प्रार्थना छतापर्यंत जाऊन खाली पडते. मी वीस वर्षांचा होतो. मला ते छत दिसायला लागलं. जेवण जाईना. मी माझी पापं शोधली. पोरवयातल्या बारीकसारीक चोऱ्या, आईला दिलेली उलट उत्तरं, मनातले विचार. आणि त्या सगळ्यांत ठसठशीत, नाव-गाव-तारीख असलेलं एकच पाप सापडलं. झाडावरचं.

परत आलो त्या आठवड्यात सभा आमच्याच ओसरीवर होती. सांजवेळ. फोडलेल्या चिंचा एका कोपऱ्यात ढकलून सतरंजी टाकली होती. गाणं झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, कुणाच्या मनावर ओझं असेल तर त्यानं देवासमोर ठेवावं. मी उभा राहिलो. मी सगळं सांगितलं. झाड, काठी, शेंगा, चिठ्ठ्या. माझ्या बहिणीला मी खोटेपणानं पास केलं, असं म्हणालो. मी रडलो. माझ्याबरोबर बायका रडल्या. कुणी तरी मोठ्यानं हालेलूया म्हणालं. पाळकसाहेबांनी मला छातीशी धरलं आणि म्हणाले, आज या घराचं तारण झालं. खरं सांगतो, त्या क्षणी मी इतका हलका झालो होतो की पाय जमिनीला लागताहेत का, हे मला कळत नव्हतं.

मार्था बायकांच्या मागे बसली होती. तिच्या ओच्यात थोड्या चिंचा राहिल्या होत्या आणि सभेतही तिचे हात सवयीनं शिरा काढत होते. मी बोलायला लागलो तेव्हा ते हात थांबले. एवढंच मी पाहिलं. तिच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. चांगल्या बाई होत्या त्या, त्यांना बोल लावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्या म्हणाल्या, "मी त्या पत्रात लिहिलंय, मुलगी प्रामाणिक आहे. आता ते पत्र मी कसं ठेवू? औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय हे जिला वाचता यायला हवं, तिला मी खोट्या मार्कांवर कशी पाठवू?" आईनं हात जोडले. मी कोपऱ्यात उभा होतो. काय बोलणार होतो? मी सांगितलं ते खोटं होतं असं म्हणायचं? जे बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं. खरं बोलण्यासारखी अडचण नाही. खोटं मागं घेता येतं.

काका ऊसतोडीवरून आले. त्यांनी एकच विचारलं, "आता पोरगी कुठं जाणार न्हाई ना? मग बरं झालं." पावसाळ्याआधी लग्न झालं. पेटी बरोबर गेली.

मला मात्र त्या साक्षीनं सगळं दिलं. पाळकसाहेब जिथं जातील तिथं सांगायचे, या पोरानं भर सभेत आपलं पाप कबूल केलं. अशा पोराच्या हाती मुलं द्यावीत असं लोकांना वाटलं. वसतिगृहात आधी मदतनीस, मग कारकून, मग अधीक्षक. देवळाच्या मंडळीचा पंच. बायको मिळाली ती साक्ष ऐकूनच. एकच पाप, एकाच झाडाखालचं, दोघांनी मिळून केलेलं. मला त्याची क्षमा मिळाली आणि तिला त्याची शिक्षा मिळाली. आंबट मी खाल्लं आणि दात तिचे आंबले.

आम्ही शिकवतो, मीही मुलांना शिकवतो, की तारण कृपेनं होतं. कमावता येत नाही, विकत घेता येत नाही, पुण्याईचा तिथं उपयोग नाही. हात रिकामे घेऊन यायचं आणि देव देईल ते घ्यायचं. हे मी मनापासून मानतो. मानत नसतो तर एवढा त्रास झाला नसता. पण या दिवसांत, वरून काठीचा आवाज येत असताना, मला वाटतं की माझ्या हातात जी पडली ती कृपा नव्हतीच. ते दुसऱ्या कुणाच्या तरी पानातलं उचलून मला वाढलेलं होतं, आणि मी डोळे मिटून, आमेन म्हणून, जेवलो.

चिंचेखाली काही उगवत नाही. गवतसुद्धा नीट येत नाही. सावली मात्र दाट असते. वाटसरू म्हणतात, वा, काय झाड आहे.

गुड फ्रायडेला आमच्याकडे सात उद्गारांची उपासना असते. प्रभू वधस्तंभावर असताना जे सात वेळा बोलला, त्या एकेका उद्गारावर मंडळीतला एकेक माणूस उभा राहून बोलतो. कोणता उद्गार कुणाकडे, हे पाळक आधी वाटून देतात. दुसरा उद्गार गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. प्रभूच्या दोन बाजूंना दोन चोर टांगलेले होते. एकानं निंदा केली. दुसऱ्यानं आपलं पाप कबूल केलं आणि म्हणाला, माझी आठवण ठेव. त्याला वचन मिळालं की आजच तू माझ्याबरोबर असशील. ना बाप्तिस्मा, ना सत्कर्म, ना परतफेड करायला एक दिवस. निव्वळ कृपा. मी त्यावर चांगलं बोलतो असं लोक म्हणतात. शेवटी मी माझीच गोष्ट सांगतो, मी तो चोर आहे म्हणतो, आणि म्हाताऱ्या बायका पदर डोळ्याला लावतात. मी बहिणीचं नाव घेत नाही. त्याला मी सभ्यपणा समजत होतो.

या वर्षी होळीनंतर नव्या पाळकांचा फोन आला. तरुण आहेत, मला काका म्हणतात. "काका, दुसरा उद्गार तुमचाच बरं का. तुमच्याशिवाय नको म्हणतात सगळे." मी हो म्हणालो. मग ते सहज बोलून गेले, "आणि तुमच्या मार्थाताई आल्यात गावी, कायमच्या. गुडघे गेले त्यांचे. देवळातल्या चिंचा फोडायला त्याच बसतात."

तीस वर्षं ती सासरी, दुसऱ्या तालुक्यात होती. लग्नकार्यात दिसायची, मयतीत दिसायची. "बरं हाय का दादा" म्हणायची आणि निघून जायची. तिच्या मुलाचं लग्न झालं, नवरा वारला, तिची गर्भपिशवी ऐन तिशीतच काढून टाकली होती, हे सगळं मला आईकडून कळायचं आणि दर वेळी मी म्हणायचो, जाऊन यायला पाहिजे. गेलो नाही. आता ती शुक्रवारी देवळात असणार होती, आणि मी तिच्यासमोर उभा राहून सांगणार होतो की मी तो चोर आहे.

आठवडा आधीच गावी गेलो. दुपार होती. देवळाच्या झाडाखाली पोत्यावर पाय लांब करून ती बसली होती. शेजारी तीच हिरवी पेटी. रंग उडालेला, पत्रा गंजलेला, पण म शाबूत. आत चिंचोके भरले होते.

"कावून आलास रं उन्हाचा?" ती मान वर न करता म्हणाली.

"तुला भेटायला."

"बस मग. रिकामा नको बसू. तो दगड घे."

मी दगड घेतला. पहिली शेंग दोनदा ठोकली तरी तडकली नाही. ती हसली. "आजून समजूतच काढतूस."

मी आणखी दोन शेंगा फोडल्या. मग सगळं एकदम बोललो. इतकी वर्षं मनात घोकलेलं. मी चुकलो, मी तुझं आयुष्य नासवलं, मला क्षमा कर. ती ऐकत होती, हात चालू होते. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "सभेच्या आदी मला कावून न्हाई सांगितलंस?"

हाच तो प्रश्न. मी स्वतःला तो कधी विचारू दिला नव्हता. पण उत्तर तयार होतं, म्हणजे ते आत कुठं तरी होतंच.

"तू नको म्हणाली असतीस."

"आन् मग?"

"मग मला उभं राहता आलं नसतं."

तिनं मान हलवली. रागानं नाही. एखादा हिशेब जुळल्यासारखी. "आता कोणत्या उद्गारावर बोलणार हायस?"

"दुसरा."

"चोराचा. तू लई चांगलं बोलतूस म्हणं. मोठी आई सांगत व्हती." ती माझ्या आईला मोठी आई म्हणते. "दादा, त्या दुसऱ्या चोराचं काय झालं ते कोन सांगतं का रं कदी?"

"त्यानं निंदा केली होती, मार्था. पश्चात्ताप केला नाही."

"करणार व्हता की काय ठावं. तुज्या चोरानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आमी दोघंबी गुन्हेगार हावोत म्हनून. त्याला इचारलं का आदी?"

वरून एक शेंग पडली, तिच्या पायापाशी. तिनं ती उचलून राशीत टाकली. मी म्हणालो, "तू फक्त एकदा माफ केलं म्हण. मला बाकी काही नको."

"आन् म्या माफ केलं म्हनले, तर शुक्रवारी उभा ऱ्हाऊन तेबी सांगशील."

मी खरंच सांगितलं असतं. घरून निघतानाच त्या भाषणाचा शेवट माझ्या मनात जुळत आला होता. माझी बहीण, जिचं मी सगळं घेतलं, तिनं मला क्षमा केली, हीच कृपा. म्हाताऱ्या बायकांच्या पदरांपर्यंत मी पोचलो होतो.

"तुला परत हलकं व्हायचंय," मार्था म्हणाली. "माज्याकडं आता तुला द्यायला एवढंच ऱ्हायलंय. ते तरी माज्यापाशी असू दे."

मग जरा वेळानं, माझी कीव आल्यासारखी, ती म्हणाली, "रडू नको. पाळकसायबांना म्या खरं तेच सांगितलं व्हतं बघ. देवानं कशाला केलं? चिंचा फोडायला. तवा सगळे हासले."

त्या शुक्रवारी दुपारी ऊन असं होतं की पत्र्याचं छत तडतड करत होतं. देऊळ भरलं होतं, खिडक्या उघड्या. त्या दिवशी आमच्यातलं कुणी काम करत नाही. पहिला उद्गार झाला, गाणं झालं. बायकांच्या बाजूला मार्था नव्हती. मग मला बाहेरून ठोका ऐकू आला. लाकडाचा दगडावर. थांबून, पुन्हा. सगळ्यांनाच ऐकू येत होता, नव्या पाळकांनी एकदा खिडकीकडे पाहिलंही, पण उठून कुणी गेलं नाही. ती देवळापासून वीस पावलांवर बसून चिंचा फोडत होती.

माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. खिशात लिहून आणलेले कागद होते. मी म्हणालो, "दुसरा उद्गार." आणि पुढं थांबलो. ठोका पडला. मी वाट बघितली. पुन्हा पडला. दोन ठोक्यांच्या मध्ये मला बोलता येईल असं वाटायचं आणि तेवढ्यात पुढचा पडायचा. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. कृपेविषयी मला जे जे ठाऊक आहे ते सगळं त्या वेळी मला आठवत होतं, आणि त्यातलं एकही वाक्य असं नव्हतं जे मी त्या झाडाखाली बसून म्हणू शकलो असतो. मी खाली बसलो. पाळकांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं. नंतर लोक म्हणाले, काकांचं मन भरून आलं. एक म्हातारी तर म्हणाली, न बोलताच या वर्षी सगळ्यांत चांगलं बोलला. माझ्या गप्प बसण्याचीही त्यांनी साक्षच केली, त्यातूनही मला सुटू दिलं नाही.

ईस्टर होऊन गेला. पुनरुत्थानाचं गाणं मी म्हटलं, शब्द बरोबर होते. दुसरा कुणी तरी उठला याचा मला आनंद आहे. त्या कबरीतून माझ्याकडे काही येतं का, याची मी आता वाट बघत नाही. माणूस कशासाठी निर्माण झाला, हा प्रश्न मी वसतिगृहातल्या मुलांना विचारायचं थांबवलं आहे. ते पाठ केलेलं उत्तर देतात आणि मला कुणी तरी वेगळं उत्तर देईल याची भीती वाटते.

हे लिहायला घेतलं तेव्हा चार ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे. ओसरी, सतरंजी, उभा राहिलेला मी. कागद तसेच ठेवले आणि गावी गेलो. देवळाच्या झाडाच्या चिंचा संपल्या होत्या; मार्था दारात बसून शेवटचे चिंचोके पाखडत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला आधी विचारलं.

"हे सगळं लिहू का मी?"

तिनं सूप थांबवलं. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांपूर्वी मी ज्या तोंडाकडे बघितलं नव्हतं, ते तोंड.

"लिही," ती म्हणाली. "माजं नाव बदलू नको. पेटीवर तूच घातलंस. पन म्या माफ केलं आसं लिहू नको."

"नाही केलंस, असं लिहू?"

"तेबी नको लिहू."

आणि तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. टरफलांचे तुकडे वाऱ्यावर माझ्याकडे उडाले. चिंचोके सुपात राहिले, काळे, गुळगुळीत, आपापल्या जागी.